ग्रँड म्हणजे काय, परेरा सर?

परेरा सरांच्या क्लासात उभी राहून मी बोललेलं पहिलं इंग्रजी वाक्य होतं, "आय पास्ड आउट लास्ट इयर." घरून घोकून नेलं होतं. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट मी. वडील अंधेरीत एका सोसायटीत लिफ्टमन, आई चार घरी पोळ्या करते आणि मी बी.कॉम. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लाजायचं काय त्यात?

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठे?"

"अंधेरीला, सर."

"लागलं का गो?"

वर्ग फिस्सकन हसला. मला काही कळेना.

"पास आउट म्हणजे तिकडच्या लोकांत चक्कर येऊन पडणं. तू सांगतेस, गेल्या वर्षी मी अंधेरीला बेशुद्ध पडले. आणि तोंड बघ, सांगते किती आनंदानं!"

मला असला राग आला. रिझल्टच्या दिवशी आईने पेढे वाटताना दारोदार सांगितलं होतं, 'आमची माधुरी पासआउट झाली.' म्हणजे काय, माझी आई चाळभर माझ्या चक्करचे पेढे वाटून आली? मी तशीच उभी राहून म्हटलं, "सर, आमच्या कॉलेजात सगळे असंच बोलतात. प्रोफेसरसुद्धा."

"मग बरोबर आहे," सर म्हणाले. "इथे सगळे पास म्हणतात, तर इथे पास. तिथे सगळे चक्कर म्हणतात, तर तिथे चक्कर. शब्द बिचारा काय करेल?"

मी खाली बसले ते या गोंधळात, की मी बोलले ते चूक होतं का बरोबर. पुढे तीन वर्षं त्या क्लासात गेले आणि तो गोंधळ काही सुटला नाही. कारण परेरा सर चूकही म्हणायचे नाहीत आणि बरोबरही क्वचित. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "चालेल, पण धावणार नाही."

मरोळच्या गावठाणात, क्रूसाच्या पुढच्या गल्लीत सरांचं घर. खाली ते राहायचे, वर माडीवर क्लास. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला ठोकलेला पांढरा सनमायका, तोच बोर्ड. सर ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे इथलेच. एअरपोर्ट, हॉटेलं, मेट्रो सगळं त्यांच्यानंतर आलं. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायचे, पण चिडले की घरची बोली बाहेर यायची. "काय गो, डोका हाय का खोका?" एवढं ऐकलं की समजायचं, आज व्याकरणातले काळ काळासारखे अंगावर येणार.

त्यांचा वेश म्हणजे इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चपलांत मोजे. मोजे का, ते तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. चहा बिनदुधाचा. डिक्शनरी जाडजूड, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली, पण ती ते फार उघडायचे नाहीत. "ह्याच्यात शब्दाचा पत्ता मिळतो," म्हणायचे. "घरात कोण आहे ते मिळत नाही." नवा शब्द कुणी आणला की ते तीन प्रश्न विचारायचे. कोण बोललं? कुणाला बोललं? आणि जेवून बोललं की उपाशी? तिसरा प्रश्न आम्हाला विनोद वाटायचा. सरांना वाटत नसे. "उपाशी माणूस 'फाइन' म्हणाला, तर फाइन नसतो तो."

आणि अर्थ माहीत नसला, तर सर सरळ सांगायचे, मला माहीत नाही. इंग्रजीचा मास्तर असं सांगतो हे मी तोवर बघितलं नव्हतं. बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकोन काढून ठेवला होता. न कळलेला शब्द त्या चौकोनात जायचा. त्याला ते पाहुणा म्हणायचे. अर्थ सापडेपर्यंत पाहुणा पुसायचा नाही. काही पाहुणे महिना-महिना मुक्काम ठोकून असत.

आमची बॅच म्हणजे सगळी कामाधंद्याची माणसं. मी एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. माझ्या शेजारी सचिन गुरव बसायचा, टुरिस्ट टॅक्सीवाला, दोन पोरांचा बाप. एकदा तो आला तो मोबाइल पुढे धरूनच.

"सर, हा गोरा बघा. सकाळी एअरपोर्टवरून सोडला. संध्याकाळी फिरवणार म्हटलं, तर लिहितोय, 'हिट मी अप व्हेन यू गेट हिअर.' मारायला बोलावतोय. म्हणजे मला सांगतोय, मला मार! काय यार, मी कशाला मारू त्याला?"

"जेवला होता?"

"एअरपोर्टवर सँडविच खाल्लं त्याने."

सर हसले नाहीत. "सचिन, तू बायकोला काय सांगतोस, पोचल्यावर काय मार?"

"मिस्ड कॉल मार."

"आणि तो किती वर्षं मारते ती तुला?"

"लग्न झाल्यापासून."

"कधी लागलं?"

सर बोर्डाकडे वळले आणि लिहीत सुटले. मिस्ड कॉल मार. चक्कर मार. पोज मार. बुट्टी मार. लाइन मार. "दिवसभर आपण मारामारी करतो आणि एकालाही खरचटत नाही. हा गोरा मराठी शिकायला आला, तर एका दिवसात पळेल. आणि तू त्याच्या एका हिटला घाबरलास?"

सचिन मान हलवत बसला, पण निघताना मला हळूच म्हणाला, "कदम, ते सगळं ठीक. पण जायचं का नाय मी?"

असे हे सर. दुसऱ्याच्या शब्दाला लगेच हात देणारे. त्यांचा स्वतःचा गोंधळ मात्र सातासमुद्रापार बसला होता. तो म्हणजे त्यांची नात.

सरांची मुलगी बर्नी आयर्लंडमध्ये एका लहान गावात नर्स. इवा तिची मुलगी. चार वर्षांची असताना इथून गेली, आता चौदाची. आईचं ऐकून ती आजोबांनाच पापा म्हणायची. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि सोमवारी सर वर्गात यायचे ते हरवलेल्या चेहऱ्याने.

"काल पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? 'एनी क्रॅक, पापा?'"

"क्रॅक?" सचिन म्हणाला. "म्हणजे डोक्याने?"

"मलाही तेच वाटलं. पण मुलीने आजोबाला असं कशाला विचारावं? म्हणून मी म्हटलं, हो, घराच्या मागच्या भिंतीला आहे. मोठी. पावसाळ्यात पाणी येतं. तर ती हसायला लागली, ती थांबेचना. मी मोबाइल मागे नेऊन तिला भिंत दाखवली."

आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो. क्रॅक पाहुण्याच्या चौकोनात गेला. दोन आठवड्यांनी बर्नीकडून कळलं, तिकडे क्रॅक म्हणजे खबरबात, मजा. दुसऱ्या एका रविवारी इवा म्हणाली, मम्मी काल मला गिव्हिंग आउट करत होती. सरांनी विचारलं, काय वाटत होती? तर तिकडे ते म्हणजे ओरडणं, बोलणी देणं. सर वर्गात आम्हाला हे रंगवून सांगायचे, आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण एकदा बोर्ड पुसता पुसता पाठमोरेच म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. माझ्या घरची एकच पोर इंग्रजी बोलते, आणि मना कळत नाही."

मेरी आंटी, म्हणजे सरांच्या मिसेस, माझ्या दुसऱ्या वर्षी गेल्या. त्यानंतर बर्नीने धोशा लावला, पापा, इकडेच या. कागदपत्रं झाली. तिकीट तेवढं काढायचं राहिलं, आणि सर काढेनात. आम्हाला वाटलं, क्लास बंद करायचं जिवावर आलंय. तसं नव्हतं. एक दिवस त्यांनीच सांगितलं.

"बर्नीच्या घरात खोल्या दोन. मी गेलो तर इवाची खोली मला. ती आईबरोबर झोपणार. चौदा वर्षांची पोर. तिला हवाय का मी?"

"बर्नीदीदीला विचारा ना," मी म्हटलं.

"बर्नी हो म्हणेल. बर्नीला मी हवाच आहे. पण खोली बर्नीची नाही. एका पोरीच्या खोलीत तिला न विचारता मी झोपणार नाही."

म्हणून त्यांनी इवालाच लिहिलं. व्यवस्थित, स्वल्पविराम वगैरे देऊन. मी तिथे येऊन राहिलो तर तुझी खोली जाईल, मी यावं का, मोकळेपणाने सांग. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सर माडीवर आले तेच मोबाइल वर धरून. मोज्यांना पंख लागल्यासारखे.

"वाचा! 'आह, यू आर ग्रँड, पापा.'"

ग्रँडचा अर्थ आम्हाला सांगायला नको होता. मरोळ नाक्यावर दर महिन्याला एका दुकानाचं ग्रँड ओपनिंग असतं. सचिनने टाळ्या वाजवल्या. सरांनी बोर्डावर ग्रँड लिहून त्याचे मराठी प्रतिशब्द विचारले, आम्ही ओरडत सुटलो, भव्य, थोर, शानदार, झकास. "झकास!" सरांनी तोच उचलला. "पोरगी म्हणते, पापा, तू झकास आहेस." त्या दिवशी काळ शिकवलाच नाही. सगळ्यांना बिनदुधाचा चहा मिळाला.

आता इथून पुढचं माझ्यामुळे झालं, म्हणून सांगावं लागतं.

त्याच आठवड्यात आमच्या हॉटेलात चारशे सातमध्ये एक म्हातारे गृहस्थ उतरले. आयरिश. लॉबीत पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, सर, तुमच्यासाठी चहा मागवू का? ते माझ्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "आह, यू आर ग्रँड."

मी लाजलेच. आमच्याकडे गेस्टने कधी असं कौतुक केलं नव्हतं. मी लगेच चहा मागवला, वर बिस्किटंही ठेवायला सांगितली. ट्रे समोर आला, तर गृहस्थ गोंधळले. म्हणाले, मी तर नको म्हटलं होतं.

"पण सर, तुम्ही ग्रँड म्हणालात."

"हो ना. म्हणूनच."

मला इवाचा मेसेज आठवला. मी त्यांना नीट विचारलं. त्यांनी बिचाऱ्यांनी नीट सांगितलं. आमच्याकडे ग्रँड म्हणजे ठीक. बरं आहे. आणि कुणी काही देऊ केलं आणि आपण यू आर ग्रँड म्हटलं, तर त्याचा अर्थ राहू दे, तुम्ही कशाला त्रास घेता. मी विचारलं, पण हो असाही अर्थ होतो का? या, काही हरकत नाही, असा? त्यांनी विचार केला, बिस्किट उचललं आणि म्हणाले, तसाही होतो. ते सुरावर आहे.

मेसेजला सूर कुठून आणणार?

दोन दिवस मी क्लासला गेलेच नाही. वाटायचं, सांगून काय मिळणार? मग वाटायचं, न सांगता सर विमानात बसले आणि तिकडे पोरगी दार लावून घेऊन बसली तर? मी ग्रॅज्युएट झाले त्या वर्षी वडिलांनी मला एकच सांगितलं होतं, आता तुला कळतंय तर आम्हाला सांगत जा, आम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नको. तिसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर थांबले. सचिनही थांबला, त्याला मी आधीच सांगितलं होतं. मी चहाची सगळी गोष्ट सांगितली.

सरांनी ऐकून घेतलं. मग मार्कर घेतला आणि डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनात लिहिलं, ग्रँड. चौथीतल्या पोराला येणारा शब्द.

"म्हणजे ग्रँडफादर म्हणजे ठीकठाक बाप," ते म्हणाले. "चालेल. धावणार नाही."

आम्हाला हसावं की काय ते कळेना.

"सर," सचिन म्हणाला, "आपण तुमचेच प्रश्न लावू ना. कोण बोललं? इवा. कुणाला? तुम्हाला. जेवून की उपाशी?"

सर खरोखर विचारात पडले. "तिथे सकाळ होती. शाळेत जायची घाई. म्हणजे उपाशी." आणि खुर्चीवर बसले.

"फोन करा ना सर सरळ," मी म्हटलं. "हो की नको, एवढंच विचारा."

"तोंडावर विचारलं तर हो म्हणेल. आई शेजारी उभी असेल. कोणती पोर आजोबाला तोंडावर नको म्हणते?" मग मोबाइल हातात घेत म्हणाले, "इंग्रजीत मी हरलो. तिला आपल्या भाषेत विचारतो. जी भाषा तिला थोडीच येते, तिच्यात माणूस लपू शकत नाही."

त्यांनी आमच्यासमोरच व्हॉइस मेसेज पाठवला. हळू, एकेक शब्द सोडवून. "इवा, मी येऊ का? आपल्या भाषेत सांग, बाय."

उत्तर चौथ्या दिवशी आलं, भर क्लासात. सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. चार सेकंद. इवाचा आवाज, कुठेतरी कुत्रा भुंकतोय, आणि मग, "पापा... येते." पुढे हसू आणि दार आपटल्याचा आवाज.

सर इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्मा काढावा लागला. आम्हाला काही कळेना. येते म्हणजे काय? सरांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं. इवा लहान असताना मेरी आंटी बाजारात निघाल्या, की दारातून तिला म्हणायच्या, 'येते हां बाय.' आणि ती भोकाड पसरायची. कारण येते म्हणाली की आजी जाते, हे तिला पक्कं कळलं होतं.

"म्हणजे ती बाय-बाय म्हणाली?" मी विचारलं.

"किंवा तिला 'ये' म्हणायचं होतं, आणि तोंडात तेवढाच शब्द शिल्लक होता."

"किंवा तीच इकडे येते म्हणत असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"सर, येस म्हणाली असेल," सचिन म्हणाला. "मध्ये कुत्रा आला."

मेसेज दहा वेळा ऐकला. दर वेळी वेगळं वाटायचं. सातव्यांदा मला ते 'ये ना' ऐकू आलं. शेवटी सरांनी मोबाइल उलटा ठेवला. "इंग्रजीत एक अर्थ कळत नव्हता," ते म्हणाले. "मराठीत चार कळले."

त्या आठवड्यात त्यांनी तिकीट काढलं. मी विचारलं, सर, म्हणजे तुम्ही काय धरलंत? हो की नको? ते डिक्शनरी कपाटात ठेवत होते. म्हणाले, "काही धरलं नाही गो. ती समोर उभी असताना बघीन. नको असेन तर तोंडावर दिसेल. तेवढं इंग्रजी मना येतं." तीन महिन्यांचं जाण्या-येण्याचं तिकीट होतं. बर्नी म्हणत होती, येण्याचं कशाला, सर म्हणाले, असू दे. खोली पोरीची आहे.

फ्लाइट सकाळची होती. सचिननेच गाडी आणली. माझी दुपारची शिफ्ट, म्हणून मीही गेले. सरांनी कोट घातला होता, मोजे होतेच, आज पहिल्यांदा बुटांत. सूटकेस एक. तिच्यात बाटलीमसाला तीन पिशव्यांत गुंडाळून, त्याचा वास तरीही गाडीभर. रस्ताभर सर दुकानांच्या पाट्या वाचत होते, ओठ हलवत, प्रत्येक पाटी.

गेटवर रांग होती. आम्ही कठड्याच्या अलीकडे उभे. सरांची पाळी आली, त्यांनी खिशातून घडी केलेला कागद आणि पासपोर्ट काढून जवानाला दिला. जवानाने कागद वाचला, सरांकडे बघितलं, परत कागद वाचला.

"अंकल, ये तो वापस आने का है. जाने का दिखाओ."

सर एकदम बावरले. कोटाचा आतला खिसा बघितला, शर्टाचा बघितला, पँटचा बघितला. जपमाळ निघाली, रुमाल निघाला, इवाचा लहानपणीचा फोटो निघाला. जाण्याचा कागद काही निघेना. मागची माणसं चुळबुळायला लागली. सचिन कठड्यावरून ओरडला, "सर, मागच्या खिशात!" सरांना ऐकू गेलं नाही. जवानाने त्यांना थोडं बाजूला उभं केलं आणि मागच्यांना आत सोडायला लागला. माणसं दोन्ही अंगांनी आत जात होती आणि सर मधोमध, एका हातात येण्याचं तिकीट धरून, दुसऱ्या हाताने स्वतःलाच चाचपत उभे होते.